तुपातला मासा

ज्ञानेश्वरी चिंतन : अध्याय १८ वा, श्लोक ४७ आणि ४८



काल आपण सेहेचाळिसाव्या श्लोकापाशी थांबलो. आपल्या वाट्याला आलेलं काम हीच त्याची पूजा, त्याला वाहायला वेगळी फुलं नकोत, असं माउली तिथे समजावतात. आज भगवंत एक पाऊल पुढे जातात. दुसऱ्याचं काम कितीही सफाईनं करता आलं तरी त्यापेक्षा आपलं, आपल्या स्वभावातून उगवलेलं काम बरं. ते उणं दिसलं तरी चालेल. तिसऱ्या अध्यायातही ते हेच बोलून गेलेत. अठराव्यात पुन्हा सांगतात. सगळी गीता ऐकून झाल्यावरही माणूस नेमकं हेच विसरतो, हे त्यांना ठाऊक असणार.

या श्लोकावर माउलींनी दृष्टांतांची रांगच लावली आहे. आई कुबडी असली तरी लेकराचा जीव तिच्याच दुधावर वाढतो. पायांनी चालायचं ते डोक्यावर चालायला गेलं तर काय गत होईल? पण माझं मन अडकतं ते तुपाच्या दृष्टांतात. पाण्यापेक्षा तुपात गुण जास्त, हे कोण नाकारेल? तूप महाग, तूप पौष्टिक, देवापुढच्या निरांजनात तूप. पण म्हणून माशाला तुपात सोडलं तर?

मी पंचवीस वर्षं तुपात पोहायचा प्रयत्न केला. आज त्याबद्दल लिहायचं आहे. एरवी मी अर्ध्या पानात आटोपतो, आज लांबेल. चहा घेऊन बसा.

त्याआधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. या श्लोकातल्या ‘स्वधर्म’ शब्दाचा वापर आपल्याकडे शतकानुशतकं जातीचं कुंपण म्हणून झाला आहे. बापाचा धंदा तोच तुझा, त्याबाहेर पाऊल टाकू नकोस, असं सांगायला. माउलींच्या टीकेतही वर्णाची चौकट आहे. ती नाहीच असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. पण ज्यांना लोकांनी ‘संन्याशाची पोरं’ म्हणून मुंजीपासून दूर ठेवलं, त्या भावंडांतल्या एकाच्या तोंडून मी हा श्लोक ऐकतो, तेव्हा मला कुंपण ऐकू येत नाही. मला ‘स्वभाव’ हा शब्द ऐकू येतो. माझा देह, माझे कान, माझा मेंदू ज्या घडणीचा आहे ती घडण. जन्मासोबत येते ती. कुळासोबत येते असं नाही.

माझी घडण ऑटिझमची आहे. हे मला कळलं २०२१ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. बहिणीच्या मुलाची तपासणी चालली होती. डॉक्टरांनी दिलेली लांबलचक प्रश्नावली भरता भरता ती मध्येच थांबली आणि तिनं मला फोन केला. ‘दादा, हे मी त्याचं भरतेय की तुझं, तेच कळंना झालंय.’ पुढे पुण्याला जाऊन मीही रीतसर तपासून घेतलं.

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. एक तर आपल्या संप्रदायात स्वतःत मग्न होणं ही मोठी गोष्ट, ती मला कुठे जमलीय? आणि दुसरं म्हणजे माझं दुखणं बरोब्बर उलटं आहे. मी स्वतःत बुडालेला नसतो, बाहेरचं सगळं एकाच वेळी माझ्यात शिरत असतं. ट्यूबलाइटची घरघर, चार माणसांची चार बोलणी, कुणाच्या तरी चपलेची करकर. तुमच्या कानाला दार आहे, माझ्या कानाला नुसतीच चौकट आहे. असो.

मी १९९७ पासून कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत आहे. लॅबमध्ये लागलो, क्वालिटीत वर चढलो, २०१७ मध्ये प्लँटचा प्रमुख झालो. माझ्या आधीचे प्रमुख म्हणजे दरारा. आवाज भट्टीच्या वर जायचा. पाठीवर थाप, एक शिवी, एक विनोद, की माणसं पळत सुटायची. त्यांचं ते खरं होतं, त्यांच्या स्वभावातून येत होतं. मी काय केलं? ते उचललं. मोटारसायकलवरून कामावर जाताना मी हेल्मेटच्या आत त्यांचे विनोद घोकायचो. हसायचं कधी, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, थाप केवढ्या जोरात मारायची. पाठांतर चांगलं होतं, म्हणून निभावत गेलं. संध्याकाळी घरी आलो की दिवे न लावता पडून राहायचो. बायको म्हणायची, ‘बाहेर सगळ्यांचे, घरात कुणाचेच नाही.’ मला वाटायचं, मोठ्या खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांचंच असं होत असेल.

अर्जुनालाही असं एक सोंग घ्यावं लागलं होतं. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन तो राजकन्येला नाच शिकवत होता. पण त्याच्या सोंगाला मुदत होती. एक वर्ष, अज्ञातवास संपला की संपलं. आणि गांडीव कुठल्या शमीवर ठेवलंय ते त्याला पक्कं आठवत होतं. माझ्या सोंगाला मुदत नव्हती, आणि झाड कुठलं तेही मी विसरून गेलो होतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. ते सांगताना आजही माझा हात थांबतो.

आमच्याकडे एस. जी. आयर्नचे भाग ओततात. लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम घातलं की त्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांसारखं न बनता मण्यांसारखं गोल बनतं, आणि ओतीव तुकडा ठिसूळ न राहता चिवट होतो. पण मॅग्नेशियमचा गुण उडून जातो. मिनिटं मोजून ओतावं लागतं. मध्ये वेळ गेला तर एकाच लॅडलमधला पहिला साचा उत्तम निघतो आणि शेवटचा कच्चा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मात्र हातोडीनं टिचकी मारली तर चांगला तुकडा घंटेसारखा वाजत राहतो, कच्चा भद्द बोलतो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं, ती कथा आपण सगळे ऐकत आलोय. आमच्या धंद्यात ती रोजची आहे.

२०१९ मधला एक दिवस. ट्रॅक्टरच्या हबची मोठी ऑर्डर होती, गाडी फाटकात उभी. दुपारी यार्डातून जाताना सवयीनं हातोडी मारली. एक भद्द. दुसरा भद्द. दहा-बारा तुकडे वाजवून बघितले, त्यातले चार माझ्या कानाला कच्चे. सकाळी क्रेन थोडा वेळ बंद पडली होती, ते मला माहीत होतं. लॅबचा रिपोर्ट चांगला होता, पण नमुना घेतला होता पहिल्या रसाचा.

संध्याकाळी मीटिंग. आठ माणसं, सगळी एकदम बोलतायत, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब. मला म्हणायचं होतं, थांबा, मला शेवटचे साचे तपासायचे आहेत. पण कशाच्या जोरावर म्हणणार? माझ्या कानाच्या? आयुष्यभर या कानांची थट्टाच झाली होती. शाळेत बाकं सरकली की मी कान झाकायचो, मास्तर वर्गापुढे माझी नक्कल करायचे. वीस वर्षं खपून मी शिकलो होतो ते हेच, की मला काय ऐकू येतं ते कुणाला सांगायचं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी जुन्या साहेबांच्या आवाजात म्हणालो, ‘रिपोर्ट ओके आहे नव्हं? मग सोडा की गाडी!’ आणि टेबलावर थाप मारली. लोक हसत उठले. त्या दिवशी मी अगदी साहेबांसारखा दिसलो असणार.

तीन आठवड्यांनी माल परत आला. मशीनवर चढवताना हब तडकले होते. चौकशी लागली, आणि दोष गेला लॅडल धरणाऱ्या पोरावर. त्यानं ओतायला उशीर केला म्हणून. तो ठेकेदाराकडचा, विशीतला. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. त्या कागदावर सही माझी होती. क्रेन बंद पडली होती हे मला ठाऊक होतं, तरीही.

मंडळी, या श्लोकाच्या उत्तरार्धात भगवंत म्हणतात की स्वभावानं नेमून दिलेलं काम करणाऱ्याला पाप लागत नाही. मी बरीच वर्षं ते एक आश्वासन म्हणून वाचलं. आता त्याची दुसरी बाजू दिसते. सोंगाला पाप लागतं. दुसऱ्याच्या स्वभावानं वागलो म्हणून नुसता मीच दमलो, एवढ्यावर ते थांबलं नाही. माझ्या सोंगाची किंमत एका गरीब पोरानं भरली.

त्रेचाळिसाव्या श्लोकात क्षत्रियाचे गुण मोजलेत. शौर्य, तेज, धीर, दक्षता, रणातून पाठ न फिरवणं, दातृत्व आणि शेवटी ईश्वरभाव, म्हणजे माणसांचं पुढारपण करण्याची वृत्ती. आपण पहिला आणि शेवटचा गुण उचलतो, मधले सोडतो. दक्षता माझ्याकडे देवानं पोतंभर दिली होती. हातोडीच्या एका टिचकीत मला कच्चं-पक्कं कळत होतं. ते बाजूला ठेवून मी तेज उसनं आणायला धावलो. ओरडणं म्हणजे तेज नव्हे, हेही मला कळलं नाही.

तपासणीनंतर दोन-तीन महिन्यांनी त्या पोराचं गाव शोधत गेलो. तोंडानं बोलायला जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून कागदावर लिहून नेलं होतं. त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘साहेब, तुमी त्या दिवशी धा-बारा येळा हातोडी मारून बघितलासा. मी लांबनं बघत हुतो. मला वाटलं, तुमी बोलशीला.’

त्याच्या आईनं चहा दिला. तो दुसऱ्या फाउंड्रीत लागला होता, पगार थोडा बरा होता. मी परत येण्याबद्दल विचारलं, तो नको म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

‘मला वाटलं, तुमी बोलशीला.’ मी कितीतरी कीर्तनं ऐकली आहेत. या एका वाक्यासारखं निरूपण मी ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, मी एक पानाचं पत्र लिहिलं आणि माझ्या हाताखालच्या नऊ सुपरवायझरांना प्रत्येकी एक प्रत दिली. लिहायला सहा रविवार लागले. त्यात होतं : मला ऑटिझम आहे. बोलताना मी तुमच्याकडे बघत नसलो तर मी जास्त नीट ऐकतोय असं समजा. एका वेळी एकानं बोला. महत्त्वाचं असेल ते चिठ्ठीवर लिहून द्या. मला टोमणा कळत नाही, राग आला तर सरळ सांगा. मी गप्प असलो म्हणजे चिडलो असं नाही. आणि इथून पुढे मी जुन्या साहेबांसारखा बोलणार नाही, कारण ते माझं नाही. शेवटी २०१९ च्या त्या गाडीबद्दलही लिहिलं. तो दोष त्या पोराचा नव्हता, माझा होता, असं. याची एक प्रत मालकांकडेही गेली.

पत्र देताना हात कापत होते. नऊ जणांतला सगळ्यात जुना माणूस, साठीला आलेला, चष्मा वर करून सावकाश वाचत बसला. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘सर, ह्ये आमाला पंधरा वर्सं ठावं हाय. नाव तेवढं ठावं नव्हतं.’

म्हणजे बघा, पंचवीस वर्षं मी ज्यांच्यापासून लपत होतो, त्यांनी मला कधीच पाहिलं होतं. सोंग फक्त माझ्याच ध्यानी होतं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. मालकांनी मला बोलावलं, प्रेमानंच बोलले, पण त्यानंतर मोठ्या गिऱ्हाइकांच्या भेटीला मला नेणं बंद झालं. वरच्या पदाची बोलणी चालली होती, ती विरून गेली. नात्यातल्या एकानं विचारलं, मुलीचं लग्न व्हायचंय, हे आत्ताच गावभर करायची काय गरज होती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, कायदा स्थळ घेऊन येतो का? मला उत्तर आलं नाही. मुलीनं मात्र त्यांना एक उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि हेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी हे वाचून उद्याच पत्र लिहायला बसेल. माझ्याकडे खुर्ची होती, पगार होता, कोल्हापुरात स्वतःचं घर होतं. लॅडल धरणाऱ्या ठेक्यावरच्या पोरानं असं पत्र दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला फाटकावरच थांबवलं असतं. ज्यांना असं सांगणं परवडत नाही ते भित्रे नाहीत. आधी आम्ही खुर्चीवाल्यांनी बोलायचं असतं.

आता अठ्ठेचाळिसावा श्लोक. जन्मासोबत आलेलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये, कारण विस्तवाला धूर जसा चिकटलेला असतो तसा प्रत्येक कामाला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. भट्टीवर काम करणाऱ्याला हे वेगळं समजावायला लागत नाही. माझ्या कानांना कच्चा तुकडा ऐकू येतो तो विस्तव. त्याच कानांना फेटलिंगच्या ग्राइंडरचा आवाज सोसत नाही, लग्नाच्या हॉलमधून मला अर्ध्या जेवणात उठावं लागतं, दिंडीत टाळ वाजायला लागले की मी सगळ्यात मागे सरकतो, तो धूर. धूर नको म्हणून विस्तव विझवायचा का? आणि विस्तव आहे म्हणून धुराचं कौतुक करत बसायचं का? अलीकडे काही जण अशा घडणीला दैवी देणगी म्हणतात. मला ते खोटं वाटतं. डोळे चुरचुरतात, तेव्हा चुरचुरतात असंच म्हणावं.

आता आमच्या मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही, जो तो आपलं म्हणणं कागदावर लिहितो. नमुना शेवटच्या रसाचा घेतला जातो. शेवटच्या साच्यांतला एकेक तुकडा वाजवून बघतात, आणि ज्याला आवाज खटकेल, मग तो ठेक्यावरचा का असेना, त्यानं वहीत लिहिलं की गाडी थांबते. यात काही मोठं नाही. पण जुन्या साहेबांच्या आवाजात मला हे कधी सुचलं नसतं.

याच श्लोकावर बोलताना माउली अर्जुनाला सांगतात, धोंडा उचल की शिदोरी उचल, खांद्याला रग दोन्हींनी लागणार. मग विसाव्याला बसल्यावर जे उपयोगी पडेल ते का उचलू नये? मला वाटलं होतं, सोंग टाकलं की सोपं होईल. तसं झालं नाही. माणसांसमोर उभं राहणं आजही जड आहे. फक्त पूर्वी घरी येऊन गाठोडं सोडलं तर आत धोंडा निघायचा.

ही ओवी मी बायकोला वाचून दाखवली होती. तेव्हापासून संध्याकाळी मी बूट काढतो, ती चहा ठेवते, अर्धा तास काही बोलत नाही आणि मग विचारते, ‘काय हो, आज धोंडा की शिदोरी?’

काल धोंडा होता. एका परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉल होता, आणि मी पुन्हा मोठ्यानं हसलो, कशावर ते मलाही कळलं नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि तिनं दिवा मालवला.

उद्या श्लोक ४९.

रामकृष्णहरी.